नरकालाही मुदत असते

गुन्हेगारी न्यायव्यवस्थेची तोंडओळख करून देणारा एक छोटा अभ्यासक्रम मी लोहाऱ्यात पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. माझा मूळ विषय समाजशास्त्र. नवं शैक्षणिक धोरण आलं, कुठल्याही शाखेच्या मुलांना घेता येतील असे छोटे विषय सुरू झाले, त्यातला हा मी मागून घेतला. वर्गातली बरीच मुलं पोलीस भरतीच्या तयारीत असतात. पहाटे अंधारात रस्त्याच्या कडेने धावायचं, गोळाफेकीचा सराव करायचा आणि मग माकणी, कानेगाव, अचलेर, जेवळीहून कॉलेज गाठायचं. कलमं पाठ होतील, लेखी परीक्षेत चार गुण जास्त पडतील, या हिशेबाने ती या विषयाकडे येतात. त्यात वावगं काही नाही. कोरडवाहू तीन एकरांवर घर चालवणाऱ्या बापाच्या पोराने नोकरीचा हिशेब करायचा नाही, तर कोणी करायचा?

अभ्यासक्रमाचे भाग तीन : पोलीस, न्यायालय, कारागृह. फिर्याद कशी नोंदवतात, पंचनाम्यावर सही करणाऱ्या पंचाची जबाबदारी काय, अटकेनंतर चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे का उभं करावं लागतं, जामीन कुठल्या गुन्ह्यात हक्काने मिळतो आणि कुठल्या गुन्ह्यात तो न्यायालयाने ठरवायचा, मग दोषारोपपत्र, साक्षी, उलटतपासणी, निकाल. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे गावोगाव तोंडात बसलेलं ‘तीनशे दोन’ आता ‘एकशे तीन’ झालं, हेही सांगावं लागतं. नव्या संहितेच्या चौथ्या कलमात शिक्षेचे प्रकार दिले आहेत : मृत्युदंड, जन्मठेप, कारावास, मालमत्ता जप्ती, दंड आणि या वेळी नव्याने आलेली समाजसेवा. एवढं झालं की कारागृह आणि तिथे विषय संपला.

माणूस फाटकातून आत गेला की पुस्तक मिटतं. तो बाहेर येतो, त्याचं पान त्यात नाही. ते पान मी स्वतः जोडून घेतलं आहे, आणि वर्गातली सगळ्यात जिवंत चर्चा त्याच पानावर होते. शिक्षा संपते कधी? ती संपली असं म्हणण्याचा अधिकार कोणाचा? न्यायाधीशाने वर्षं मोजून दिली, ती वर्षं भरली. मग त्या माणसाकडे आपलं काही येणं उरतं का? हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात बसत नाही. तो धर्माचा आहे, आणि आपल्या धर्मपरंपरांनी त्यावर फार खोल विचार करून ठेवला आहे. आपण मात्र तो वापरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या भागात या प्रश्नाला पहिलं उत्तर येतं ते कर्माचं. ‘केलं तसं भरावं लागतं’ हे वाक्य इथे कोणाच्याही तोंडून ऐकू येईल. मला या उत्तराची भीती वाटते, आणि त्याला कारण आहे. मी सास्तूरच्या बाजूची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी शाळेत शिकत होते. लोक गणपती बोळवून येऊन झोपले होते. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत सुमारे ८,००० माणसं गेली. पुढे कित्येक महिने पत्र्याच्या शेडमध्ये बसून मोठी माणसं एकच विषय चघळत असत : ही कशाची शिक्षा? कोणी म्हणायचं, देवाचं काहीतरी राहिलं. कोणी म्हणायचं, पाप फार वाढलं होतं. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वरचं मातीचं जड धाबं यांनी माणसं मारली, हे समजावून सांगणारे इंजिनियर नंतर आले. पाळण्यातल्या लेकराने कोणतं पाप केलं होतं, असं एखादी बाई विचारायची. ‘मागल्या जन्मीचं’ असं उत्तर मिळायचं आणि ती गप्प व्हायची. लेकरू गेलेल्या बाईला दिलेलं ते उत्तर आजही मला क्रूर वाटतं.

तेव्हापासून मी एक गोष्ट मनाशी पक्की केली आहे आणि वर्गातही तीच सांगते. कर्माचा सिद्धान्त स्वतःला लावून पाहण्यासाठी आहे. आपल्या दुःखाकडे पाहून ‘हे माझं मला फेडायचं आहे’ असं म्हणणाऱ्याला त्यातून बळ मिळतं. दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखवून ‘तुझंच तुला फळलं’ म्हणणाऱ्याच्या हाती तो आला, की दयेला रजा मिळते. न्यायालयाचं मोठेपण मला इथे दिसतं. ते मागचा जन्म विचारत नाही, कूळ विचारत नाही. या माणसाने, या तारखेला, या ठिकाणी, हे कृत्य केलं का, एवढंच विचारतं आणि आरोप करणाऱ्यालाच म्हणतं, सिद्ध कर. सिद्ध होईपर्यंत समोरचा निर्दोष. नियतीच्या हिशेबात संशयाचा फायदा कोणाला मिळत नाही; फौजदारी कायद्यात आरोपीला मिळतो. धर्म सांगणाऱ्या कितीतरी लोकांपेक्षा हा नियम अधिक धार्मिक आहे.

तरीही कर्माचा विचार मी मोडीत काढत नाही. त्याचा एक भाग आपण सोयीने विसरतो, तो मला मोलाचा वाटतो. कर्म भोगून संपतं. फळ भोगलं की ते खातं बंद. हिंदू पुराणांतला नरक असो, बौद्धांचा असो की जैनांचा, तिथला मुक्काम कितीही भयंकर आणि कितीही लांब असला तरी कायमचा नाही. पापाच्या मापाने तिथे राहायचं, ते माप भरलं की निघायचं, पुन्हा जन्म घ्यायचा, पुन्हा संधी. यमाच्या दरबारीसुद्धा मुदत असते. मग जी मुदत यम पाळतो ती गावाने का पाळू नये?

वर्गात हे बोलताना मी मनुस्मृतीचा उल्लेख करते, आणि दरवर्षी कोणीतरी उठून उभं राहतं. एका वर्षी एक मुलगा म्हणाला, “मॅडम, ते पुस्तक बाबासाहेबांनी जाळलंय. त्यातलं काय सांगायलाव तुमी?” त्याचा राग रास्त होता आणि मी तसं त्याला सांगितलं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते जाळलं गेलं, कारण त्यात एकाच अपराधाला जात पाहून वेगवेगळी शिक्षा आहे, आणि ज्या समाजाला ती सगळ्यात कडक होती त्याने ती शतकानुशतकं भोगली. कायद्यापुढे सगळे समान हे संविधानातलं वचन त्या आगीतूनच पुढे आलं, असं मी मानते. पण त्याच ग्रंथाच्या आठव्या अध्यायात असंही म्हटलं आहे, की राजाने दंड दिलेला अपराधी पापातून सुटतो आणि पुण्यवानांसारखाच स्वर्गाला जातो. इतक्या निष्ठुर ग्रंथालाही शिक्षा भोगलेला माणूस स्वच्छ झाला असं म्हणावं लागलं. आपल्या समाजाने त्या ग्रंथातली उतरंड जपली आणि नेमकं हे वाक्य टाकून दिलं.

त्याच मुलाने पुढच्या तासाला अंगुलिमालाची गोष्ट सांगितली. वर्षावासात विहारात आजीच्या शेजारी बसून त्याने ती ऐकली होती. वाटसरूंना मारून त्यांच्या बोटांची माळ गळ्यात घालणारा दरोडेखोर बुद्धाच्या एका भेटीत बदलतो आणि भिक्खू होतो. कोसलचा राजा प्रसेनजित त्याला पकडायला घोडेस्वार घेऊन निघालेला असतो. बुद्ध त्याला विचारतात, तो जर मुंडन करून, चीवर पांघरून, अहिंसेचं व्रत घेऊन बसलेला दिसला, तर तू काय करशील? राजा म्हणतो, त्याला वंदन करीन, त्याला वस्त्र आणि अन्न देईन. बुद्ध शेजारी बोट दाखवतात. राजा घाबरतो, पण शब्द पाळतो. म्हणजे राज्यसत्तेने त्याला सोडलं. गावाने नाही सोडलं. भिक्षेला गेला की त्याच्यावर दगड यायचे, तो रक्तबंबाळ होऊन परत यायचा. बुद्ध त्याला सांगतात, सहन कर. ज्याच्यासाठी नरकात फार काळ जळावं लागलं असतं ते तू इथेच फेडतो आहेस.

मुलगा इथे थांबला आणि म्हणाला, “म्हंजी दगड मारणारे बरोबर होते का मॅडम?”

पहिल्या वर्षाच्या मुलाने इतका नेमका प्रश्न विचारावा, याचं मला फार कौतुक वाटलं. त्यावर वर्गात मोठा वाद झाला. माझं म्हणणं असं : ‘सहन कर’ हे बुद्धांनी दगड खाणाऱ्याला सांगितलं आहे. दगड मारणाऱ्यांना त्यांनी शाबासकी दिलेली नाही. ज्याने पाप केलं त्याने आपल्या वेदनेत फेड पाहावी, हा त्याचा धर्म. ती वेदना देणं हा शेजाऱ्याचा धर्म होत नाही. आणि या सुत्तात आणखी एक प्रसंग आहे. बाळंतपणात अडलेली एक बाई अंगुलिमालाला दिसते. तो व्याकूळ होतो. बुद्ध त्याला तिच्याकडे पाठवतात. ‘आर्य जन्म घेतल्यापासून मी जाणूनबुजून कोणाचा जीव घेतल्याचं मला आठवत नाही, या सत्याने तुझं आणि बाळाचं कल्याण होवो’ अशा अर्थाचं वचन तो उच्चारतो आणि ती सुखरूप मोकळी होते. थेरवादी बौद्ध देशांत गर्भार बाईसाठी आजही ते वचन परित्त, म्हणजे रक्षणाचं पठण, म्हणून म्हटलं जातं. माणसं मारणाऱ्याचा शब्द जन्माच्या वेळी शुभ मानला गेला! पश्चात्तापाची याहून मोठी पावती जगाच्या कुठल्या धर्मात असेल, मला माहीत नाही.

आता आपल्या तालुक्यातलं सांगते. गावाचं नाव सांगणार नाही. एका माणसाने बांधाच्या भांडणात कुऱ्हाड चालवली, समोरचा मेला. जन्मठेप झाली, चौदा वर्षांच्या वर आत काढून तो सुटून आला. कारागृहाच्या सुतारशाळेत तो सुतारकाम शिकला होता. हात चांगला बसला आहे. माझ्या एका विद्यार्थ्याबरोबर मी त्याच्या पडवीत गेले होते. बाभळीच्या फळीवर तो रंधा मारत होता, पायाशी भुशाचा ढीग, कानावर पेन्सील. बोलणं मोजकं. गावातले लोक त्याच्याकडून बाज करून घेतात, दिवाण करून घेतात, जनावरांच्या गव्हाणीच्या फळ्या, कोंबड्यांच्या खुराड्याचं दार, फडताळ असं सगळं करून घेतात. मी विचारलं, चौकटी? त्याने रंधा थांबवला. चौकट कोणी देत नाही, म्हणाला. चौकट बसवताना तिची पूजा होते, हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात. ते त्याच्या हातचं नको. शेजारच्या गावचा सुतार चौकट करून देतो, तिच्यात बसणारं दार हा करतो. “दार चालतंय,” तो एवढंच बोलला आणि पुन्हा कामाला लागला.

न्यायाधीशाने या माणसाला जन्मठेप दिली होती. चौकट न करण्याची शिक्षा कोणी दिली? कुठल्या कलमाखाली? तिची मुदत किती? तिच्यावर अपील कुठे करायचं?

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, ती बोलली. “मॅडम, तुमी त्याच्याच बाजूनं बोलायलाव. मेला त्याच्या बायकोचं काय?” ती त्याच गावची निघाली. तिने सांगितलं, की ती विधवा बाई अजून त्याच गल्लीच्या पुढच्या टोकाला राहते, आणि तो सुटून आला त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, की त्याची चौदा वर्षं भरली, माझी कोण मोजायलंय? वर्गात कोणी हललं नाही. या बाईला बाजूला ठेवून क्षमेवर बोलणारा प्रत्येक माणूस, मग तो संत असो की प्राध्यापक, अर्धवट बोलतो.

आपल्या न्यायव्यवस्थेत गुन्हा हा राज्याविरुद्ध मानला जातो. खटल्याचं नाव ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’ अमुक. ज्या बाईचा नवरा गेला ती त्या खटल्यात नुसती साक्षीदार. तिला तारखेला बोलावतात, उलटतपासणीत टोचतात, निकाल लागला की विसरतात. पीडितांना शासनाकडून भरपाई देणारी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत आली तीच २००९ मध्ये, आणि महाराष्ट्रात बलात्कार व ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी मनोधैर्य योजना २०१३ मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या कितीतरी बायका नुसत्या निकालाच्या कागदावर आयुष्य काढत आहेत.

त्या मुलीच्या प्रश्नाने मला माझं म्हणणं नीट मांडायला लावलं, ते असं. क्षमा करण्याचा अधिकार एकट्या त्या बाईचा. ती तिने केली तर थोर, नाही केली तर तिला बोल लावण्याचा हक्क कोणालाही नाही, देवालाही नसावा. तिने त्या माणसाचं तोंड पाहू नये, त्याच्या दारावरून जाऊ नये, त्याच्या हातचं पाणी पिऊ नये. सगळं तिचं खरं. पण बाकीच्या गावाचं काय? गावाचा नवरा मेला नव्हता. गाव जे करतं ते क्षमा नाकारणं नाही, कारण क्षमा गावाच्या हातात कधी नव्हतीच. गाव त्याला न्यायालयाने न दिलेली दुसरी शिक्षा देतं, आणि तीही त्या बाईच्या नावाने. ज्यांनी त्याला चौकट नाकारली त्यांच्यातले किती जण तिच्या पेरणीला तिफण घेऊन गेले? तिच्या पोराच्या बारावीच्या फीला किती जणांनी हात लावला? तिची वर्षं मोजायला गावाकडे वेळ नव्हता. त्याची मात्र मुदत संपल्यावरही मोजत बसले.

क्षमा हा पीडिताचा अधिकार आणि शिक्षा थांबवणं हे समाजाचं कर्तव्य, हा फरक आपल्या डोक्यात स्पष्ट नाही. म्हणून एकीकडे आपण पीडितांना ‘जाऊ दे, मोठं मन कर’ असा उपदेश करतो आणि दुसरीकडे स्वतः मात्र काहीच विसरत नाही. खरं तर उलट हवं.

वाल्या कोळ्याच्या गोष्टीत बायकामुलं म्हणतात, लुटीत आम्ही वाटेकरी, पापात नाही. ही गोष्ट आमच्या लहानपणी शाळेच्या पडवीत सगळ्यांनी ऐकलेली. कारागृहं पाहिली, तिथल्या भेटीच्या रांगा पाहिल्या, की उलटंच दिसतं. पापात वाटा नसलेली बायकामुलं शिक्षेत मात्र पुरती वाटेकरी असतात. त्या सुताराच्या मुलीची दोन स्थळं परत गेली. तो आत गेला तेव्हा ती रांगत होती.

कायदा या बाबतीत समाजापेक्षा पुढे आहे, हे मुलांना ऐकून नवल वाटतं. २०१५ च्या बालन्याय कायद्यात ‘नव्याने सुरुवात’ हे तत्त्वच लिहिलेलं आहे. अपवाद वगळता, विधिसंघर्षग्रस्त बालकाची जुनी नोंद पुसून टाकावी असं तो सांगतो. १९५८ चा अपराधी परिवीक्षा कायदा म्हणतो, की परिवीक्षेवर सोडलेल्या माणसाला त्या दोषसिद्धीमुळे कुठलीही अपात्रता चिकटू नये. नव्या न्याय संहितेत पाच हजारांखालची पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला असेल तर तुरुंगाऐवजी समाजसेवा. १९८० च्या बच्चनसिंग खटल्यात तर सर्वोच्च न्यायालयाने फाशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाबद्दलही सांगितलं, की तो सुधारणारच नाही हे सरकारने पुराव्याने दाखवावं. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार दोन वर्षं किंवा अधिक शिक्षा झालेला माणूस सुटल्यावर सहा वर्षांनी पुन्हा निवडणूक लढवू शकतो. आमदारकीसाठी मुदत ठरवता येते. शाळेतल्या शिपायाच्या नोकरीसाठी, गावातल्या चौकटीसाठी का ठरवता येऊ नये?

पोलीस भरतीच्या मुलांना हा प्रश्न फार जवळून कळतो. निवड झाली की चारित्र्य पडताळणीचा अर्ज भरावा लागतो. तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का, अटक झाली होती का, असं त्यात विचारलेलं असतं. गावातल्या भांडणात भावकीने सगळ्या घराची नावं फिर्यादीत टाकली, त्यात अठरा वर्षांचा पोरगाही आला, पुढे सगळे निर्दोष सुटले. तरी ती ओळ अर्जात भरावी लागते. लपवलं तर नोकरी जाते आणि सांगितलं तर जीव टांगणीला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवतारसिंग खटल्यात यावर नियम घालून दिले, तरुण वयातल्या किरकोळ गुन्ह्याकडे सहानुभूतीने पाहता येतं असंही म्हटलं, पण अंतिम निर्णय नेमणूक करणाऱ्यावर सोडला. माझी मुलं फिर्यादीतल्या नावाला किती घाबरतात हे मी रोज पाहते.

आत जाऊन आलेला म्हणजे वाईटच, असं कोणी म्हटलं की मी हिप्परग्याचं नाव घेते. आमच्याच तालुक्यातल्या हिप्परग्याला निजामाच्या अमलात राष्ट्रीय शाळा चालली, स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक होते आणि तिथेच त्यांनी संन्यास घेतला. हा संन्यासी १९३८ च्या सत्याग्रहात निजामाच्या तुरुंगात गेला. विनोबांची गीता प्रवचने १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात झाली, ती टिपून घेणारे साने गुरुजीही कैदीच. इथून दीड-दोन तासांवरच्या बसवकल्याणला बाराव्या शतकात हरळय्या आणि मधुवरस यांना राजाज्ञेने हालहाल करून मारलं, असं शरण परंपरा सांगते. त्यांनी जात मोडून मुलामुलीचं लग्न लावलं होतं. त्या काळच्या राजाच्या दृष्टीने तोही गुन्हाच. आमच्या घरोघरी त्यांची नावं आज आदराने घेतात. निकाल कायद्याप्रमाणे लागला म्हणून तो धर्माप्रमाणे लागला, असं होत नाही.

आणि निकाल चुकूही शकतो. २००३ मध्ये नाशिकजवळ एका कुटुंबातल्या पाच जणांची हत्या झाली. भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना त्यात पकडलं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठोठावली. ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवलं. घटनेतल्या प्रत्यक्षदर्शी बाईने पोलिसांकडच्या फोटोंतून दुसरेच चार जण ओळखले होते, आणि ती बाब तपासात दाबून ठेवली गेली होती. सोळा वर्षं गेली. त्यांच्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. प्रत्येकी पाच लाख भरपाई देण्याचा आदेश झाला. हा खटला शिकवताना मी मुलांना एकच गोष्ट विचारते : हे सहा जण भटक्या जमातीतले नसते, तर इतक्या सहज पकडले गेले असते का? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाला गुन्हा करण्याआधीच, जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो १९५२ मध्ये रद्द झाला. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांनी ‘उचल्या’त त्या शिक्क्याखालचं बालपण लिहिलं, १९८८ मध्ये त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. चोरी झाली की आजही आमच्याकडे आधी पारध्यांच्या पालावर जातात. इथे शिक्षेला शेवट नाही एवढंच नव्हे, तिला गुन्ह्याचीही गरज पडत नाही.

आपल्याच महाराष्ट्रात याच्या उलट एक वाट निघाली होती, ती मी मुलांना आवर्जून सांगते. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश इंजिनियर यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. कुंपणाच्या भिंती नाहीत, खुनाच्या गुन्ह्यातल्या कैद्यांनी शेती करायची, बायकापोरांसह राहायचं. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ त्यावरून सुचला, कथा गदिमांची. सिनेमा लोकांना आठवतो, त्यामागचं गाव आठवत नाही. पण ती खुली वसाहत आजही आहे. त्या दुष्काळी माळावर खुनी माणसाच्या हातात कुदळ आणि कुऱ्हाड देताना राजाला भीती वाटली नसेल? वाटलीच असेल. तरी त्याने दिली. विश्वास टाकल्याशिवाय माणूस बदलला की नाही हे कळायला दुसरा मार्गच नाही, आणि हा धोका कोणीतरी पत्करावाच लागतो. वर्गातला एक मुस्लिम मुलगा म्हणाला, आमच्यात तौबाचा दरवाजा मरेपर्यंत उघडा असतो. दरवाजा उघडा असून भागत नाही, आत येणाऱ्याला आत बसायला जागाही द्यावी लागते, असं त्याला त्याच्या शेजारच्या मुलीने उत्तर दिलं. मला काही जोडावं लागलं नाही.

२०२२ मध्ये देशातल्या कैद्यांपैकी पाऊण भागाहून अधिक कैदी दोषी ठरलेलेच नव्हते, कच्चे कैदी होते. त्या वर्षाचा सरकारी अहवाल हेच सांगतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाने, जन्मठेप किंवा फाशीचे गुन्हे वगळता, आधी कधीच दोषी न ठरलेल्या आरोपीला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर जामिनावर सोडायची सोय केली आहे. ही माणसं गावात परतणार आहेत, आमच्याही तालुक्यात परतणार आहेत. त्यातले काही निर्दोष ठरतील, काही दोषी, काही शिक्षा भोगून येतील.

माझ्यासारखा हा विषय शिकवणाऱ्या प्राध्यापक मित्रमैत्रिणींना माझी विनंती आहे : अभ्यासक्रम फाटकात थांबवू नका, परतून आलेल्या माणसासाठी आणि ज्याच्यावर गुन्हा झाला त्याच्यासाठी एकेक तास राखून ठेवा. ज्यांना वकील परवडत नाही अशा दोघांनाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मदत मिळते आणि त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे, एवढं तरी प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असू द्या. आणि वाचकांना सांगणं असं, की तुमच्या गावात असा कोणी शिक्षा भोगून आला असेल तर त्याला काम द्या, आणि ज्या घरात त्याच्यामुळे माणूस गेला त्या घरीही जा, तिथे काय लागतं ते विचारा. यातलं एकच करू नका, दोन्ही करा.